फ्लेक्सवरच्या बाई

मी सगळ्यात जास्त कुणाचं देणं लागत असेन तर ते आमच्या भूगोलाच्या बाईंचं. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आई अंगठा करायची, आणि घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत जगाचा नकाशा एकच होता. तो मधोमध फाटलेला होता आणि त्या फटीत अर्धी आफ्रिका गेली होती. बाईंनी नवा मागितला, मिळाला नाही. मग त्यांनी आम्हाला पोस्टकार्डं आणायला लावली आणि दिल्लीतल्या परदेशी दूतावासांना पत्रं लिहायला बसवलं. आम्ही अमुक शाळेचे विद्यार्थी आहोत, आपल्या देशाची माहिती आणि नकाशा पाठवावा. इंग्रजीत, आणि फळ्यावरून उतरवून नाही, ज्याचं त्याने. चुकलं की लाल शाई आणि नवं कार्ड.

बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. पण एका दुपारी पोस्टमन जाडजूड पाकीट घेऊन थेट वर्गात आला आणि ते माझ्या नावाचं होतं. आत बर्फाच्या डोंगरांची चित्रं असलेलं गुळगुळीत पुस्तक, घडीचा नकाशा आणि टाइप केलेलं एक पत्र. पत्रात मला 'मिस्टर' म्हटलं होतं. माझ्या वडिलांना तोवर बाहेर कुणी साधं 'अहो' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. हे कोण लिहितं, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिथे माणसं बसलेली असतात. कुणी लिहिलं की उत्तर द्यायचं, हेच त्यांचं काम."

त्या वाक्याच्या मागे मी चालत राहिलो. पदवी झाली, पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहून परीक्षा झाल्या, आणि मी परराष्ट्र खात्यात लागलो. म्हणजे आता 'तिथे' बसलेला माणूस मी आहे.

हे सांगितलं की लोकांचे चेहरे उजळतात, आणि तिथूनच मला राग यायला सुरुवात होते. बायको आणि मुलगी कर्वेनगरला राहतात, कारण मुलीने इतक्या शाळा बदलल्या की शेवटी तिनेच सांगितलं, बाबा, तुम्ही जा, मी इथेच राहते. एक नेमणूक संपून दुसरी सुरू होईपर्यंतची रजा घेऊन मी घरी आलो की आमच्या सोसायटीतले निवृत्त बँक अधिकारी गेटवरच गाठतात. "या, राजदूत. आज कुठली पार्टी?" मी राजदूत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या मेव्हण्यांनी एकदा गंभीरपणे विचारलं की तिकडची स्कॉच इथे आणता येते की नाही. कोथरूडच्या एका क्लासने मला मुलांसमोर बोलायला बोलावलं, आणि पहिला प्रश्न आला तो सूट कुठे शिवता असा.

गेल्या नेमणुकीत मी एका आखाती देशातल्या आपल्या दूतावासात, आपल्या माणसांच्या अडचणी पाहण्याच्या विभागात होतो. देशाचं नाव लिहीत नाही, सवय आहे. सकाळी हॉलचं दार उघडलं की माणसं आत येत आणि खुर्च्या रिकाम्या असूनही जमिनीवर बसत. खुर्चीवर बसा म्हटलं तर म्हणत, साहेब, कपडे खराब आहेत. कुणाचा पासपोर्ट मालकाच्या खणात, कुणाचा पगार थकलेला, कुणाचा भाऊ शवागारात. मृतदेह घरी पाठवायला किती सह्या लागतात आणि मालक प्रत्येक सहीला कसा पळतो, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. घरच्यांना फोन मीच करायचो, मराठी घर असेल तर मुद्दाम मीच. त्या फोनवर आधी काय बोलायचं हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

पार्ट्याही असतात, नाही कशाला म्हणू. हातात संत्र्याच्या रसाचा ग्लास धरून ज्याच्याकडे हसून बघायचं, तो माणूस सकाळी हॉलमध्ये बसलेल्यांचा मालक असतो. पहिल्याच नेमणुकीत एका वरिष्ठ बाईंनी मला शिकवलं होतं: फोटो निघणार असेल तर ग्लास खाली ठेव, डावीकडे बघ, उजवीकडे बघ, आणि मगच कॅमेऱ्याकडे. आमच्या धंद्यात कोण कुणाशेजारी उभं राहिलं याला शब्दांपेक्षा जास्त वजन असतं. ही गोष्ट माझ्या अंगात इतकी मुरली आहे की लग्नाच्या स्टेजवरही मी आधी आजूबाजूला बघतो. बायको हसते.

या रजेत आमच्या गावाकडून पुण्यात आलेल्या लोकांच्या मंडळाने माझा सत्कार ठरवला. अध्यक्षस्थानी बाई. त्या आता मुलाकडे विश्रांतवाडीला असतात, ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत आणि कानाने अधू आहेत. फोनवर त्यांची सून बोलली आणि मागून बाईंचा आवाज येत होता, की त्याला म्हणावं, टाय लावून ये. मी हो म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता.

मग मोबाईलवर निमंत्रणपत्रिका आली. बाईंचा फोटो, माझा फोटो, आणि खाली 'सौजन्य' म्हणून एका गृहस्थाचा फोटो, कोट घातलेला. चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण नाव वाचलं आणि तो आवाज कानात उभा राहिला. परदेशी नोकऱ्या लावून देणारा हा एजंट. आमच्या हॉलमधल्या माणसांनी ते नाव इतक्या वेळा सांगितलं होतं की मी त्याला तिकडून अनेकदा फोन केले होते. इथे एक काम सांगायचं, तिथे उतरल्यावर दुसऱ्याच कामावर धाडायचं, ही त्याची पद्धत. मी चिडून बोललो की तो माझ्या गावची भाषा काढायचा. "साहेब, काहून तापता? आपण एका गावचे. मी तुमच्याच शाळेत होतो, मांगच्या वर्गात. मलेही बाईनं पोस्टकार्डं लिवाले लावले होते." माणसाच्या परतीच्या तिकिटाचा विषय निघाला की म्हणायचा, ते सरकार पाहीन, सरकार काहून आहे मग? आम्ही दिल्लीला रीतसर तक्रारी पाठवल्या. त्याने ऑफिसची पाटी बदलली. खुर्चीवर माणूस तोच.

आता तो सत्काराचा खर्च करणार होता आणि गावातल्या शाळेच्या गळक्या प्रयोगशाळेवर नवं छप्पर घालून देणार होता. बाईंना हे सांगायला मंडळाचे लोक गेले तेव्हा त्या म्हणे रडल्या.

मी मंडळाच्या सचिवांना कळवलं की अपरिहार्य कारणामुळे मला उपस्थित राहता येणार नाही. एवढंच. आमच्याकडे आधी हो म्हणून नंतर कारण न देता नकार कळवणं हा सगळ्यात कडक नकार असतो. यजमानाला घाम फुटतो. संध्याकाळपर्यंत त्याचा माणूस कुठूनतरी हळूच विचारतो की नेमकं काय खुपलं, आणि मग तेही हळूच सांगता येतं. कुणाची शोभा होत नाही. मी त्या विचारणीची वाट बघत बसलो. सचिवांनी उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं. बाईंकडून काहीच आलं नाही.

कार्यक्रम माझ्याशिवाय झाला. माझ्यासाठी आणलेली शाल वाया कशाला घालवायची म्हणून एजंटाने ती बाईंच्या खांद्यावर घातली, असं मला नंतर कळलं.

बाईंची समजूत काढायला म्हणून मी त्यानंतरच्या रविवारी विश्रांतवाडीला निघालो. चौकात सिग्नलला बस थांबली आणि मी खिडकीतून वर पाहिलं. वाढदिवसांच्या आणि निवडीच्या अभिनंदनांच्या फ्लेक्समध्ये एक नवा फ्लेक्स होता. त्यावर शाल पांघरलेल्या बाई, हात जोडलेला तो, आणि खाली मोठ्या अक्षरात: परदेशी नोकरीची सुवर्णसंधी, ड्रायव्हर, वेल्डर, हेल्पर, आपल्या माणसाकडून आपल्या माणसांसाठी. त्या भागात आमच्याकडची माणसं पुष्कळ राहतात. कारखान्यांत जाणारी, टेम्पो चालवणारी, ज्यांच्या गल्लीतल्या निम्म्या घरांना बाईंनी शिकवलेलं आहे. त्यांना सरकारचा शिक्का दाखवा, ते संशय घेतील. बाईंचा फोटो दाखवल्यावर ते काय करणार?

पुढच्या थांब्यावर मी उतरलो. इतकी वर्षं मी डावी-उजवीकडे बघत आलो, आणि माझी खुर्ची रिकामी ठेवून मी त्याला माझ्यापेक्षा कितीतरी मोलाचा चेहरा देऊन बसलो होतो.

दार बाईंकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी उघडलं. हातात लाटणं होतं, आणि चेहरा इतका खुललेला की मी काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. त्यांचा नवरा टेम्पो चालवतो. त्याचं तिकडे ड्रायव्हर म्हणून काम झालं होतं. आधी तो कां-कू करत होता, पण चौकात बाईंचा फोटो लागला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तो पासपोर्ट देऊन आला. पुढच्या आठवड्यात विमान.

मी तिथेच, चपला काढता काढता, म्हटलं की पासपोर्ट परत मागा. आजच्या आज.

ताईंनी वळून बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या, मांडीवर वर्तमानपत्र आणि भिंग. "काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारलं. मी जवळ जाऊन मोठ्याने सांगितलं की हा माणूस फसवतो. कोण, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फ्लेक्सवाला. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. जे हळू सांगायचं ते बहिऱ्या माणसाला ओरडून सांगावं लागतं आणि ओरडून सांगितलं की ते भांडण वाटतं, हे मला तिथे कळलं.

बाईंनी भिंग बाजूला ठेवलं. "पुरावा असेल तर पोलिसात जा. घरात येऊन हिला घाबरवू नकोस. माझ्या शेजारची खुर्ची सगळ्यांसमोर रिकामी ठेवलीस. कारण काय, तर अपरिहार्य. मी दहावीच्या मुलाकडून तरी असलं कारण घेतलं असतं का?"

मी म्हटलं की त्या माणसाशी मला हात मिळवायचा नव्हता.

"तुम्ही लोक कुणाकुणाशी हात मिळवता ते टीव्हीवर दिसतं," बाई म्हणाल्या. "शाळेसाठी एकदा मिळवला असता तर हात झिजला असता?"

ताई लाटण्यावरचं पीठ बोटाने खरवडत उभ्या होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते नोकरी लावणारे म्हणालेच होते साहेब, तुम्ही असं म्हणाल म्हणून. आपल्यातला कुणी वर गेलेला मोठ्या साहेबांना बघवत नाही, असं म्हणाले."

चहा न घेता मी निघालो. कुणी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या ऑफिसात गेलो. प्रत्यक्षात तो ठेंगणा आणि अतिशय नम्र निघाला. उठून उभा राहिला, माझ्यासाठी चहा सांगितला. त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर बाईंचा तोच फोटो चौकटीत लावलेला होता, हारासकट. जिवंत माणसाच्या फोटोला हार. मी टेम्पोवाल्याचा पासपोर्ट मागितला. तो हसला. "ज्याचा हाय त्याले मांगू द्या. देतो. तुमच्या हातात कसा देऊ? तुमी कोण त्याचे?" आणि मग, जणू मला धीर देत असल्यासारखा, "साहेब, तुमी आले असते ना, तर बाईले एवढी तसदी पडली नसती."

कायद्याने तो बरोबर होता. तिकडे मी कुणाचा तरी अधिकारी होतो. इथे मी रजेवरचा एक माणूस होतो आणि माझ्या खिशात पीएमपीच्या बसचा पास होता. मी पोलिसात अर्ज दिला, परदेशी नोकऱ्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयातही दिला. दोन्ही ठिकाणी सभ्यपणे सांगितलं की चौकशी होईल. चौकशी कशी होते ते मला माहीत आहे, मी स्वतः त्याच यंत्रणेचा आहे. ती होईल आणि तोवर विमान उडालेलं असेल.

पासपोर्ट फक्त तो टेम्पोवालाच मागू शकत होता. आणि बाईंनी सांगितल्याशिवाय तो मागणार नव्हता. बाई माझा फोन घेत नव्हत्या, घेतला असता तरी त्यांना ऐकू आलं नसतं. घरी येऊन मी मुलीच्या वहीतले कागद मागितले आणि डायनिंग टेबलावर बसलो. ते पत्र मी त्याच संध्याकाळी विश्रांतवाडीला नेऊन बाईंच्या सुनेच्या हातात दिलं. त्याची नक्कल मी ठेवली होती, ती अशी.

बाई,

नमस्कार. तुम्हाला भिंगाने वाचावं लागतं म्हणून मोठ्या अक्षरात लिहितो आहे.

काल तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. आज देतो.

तिकडे एकदा आमच्या हॉलमध्ये एक माणूस आला. पाण्याच्या टँकरवाल्याने त्याला रस्त्यावरून उचलून आणलं होतं. टाचांना इतक्या भेगा की तो पाऊल तिरपं टाकत होता. त्याला ड्रायव्हर म्हणून नेलं होतं. उतरल्यावर दुसऱ्या कागदावर अंगठा घेतला, फोन काढून घेतला आणि वाळवंटात शेळ्या राखायला नेऊन सोडलं. शेळ्यांच्याच टाकीतलं पाणी तो प्यायचा. बोलायला कुणी नाही. किती काळ गेला हे त्याला सांगता येत नव्हतं. मी गाव विचारलं. त्याने आपलंच, तुमचं-माझं गाव सांगितलं. एजंट कोण म्हणून विचारलं, तर म्हणाला, साहेब, गावातलाच आहे, म्हणून तर आलो.

त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. आईला फोन करा, पण शेळ्यांचं सांगू नका, ड्रायव्हर आहे असंच सांगा. मी फोन केला आणि सांगितलं की गाडी चांगली चालवतो. ते खोटं मी सरकारी फोनवरून बोललो आणि पुन्हा बोलेन.

त्यानंतर मी त्या एजंटाला, म्हणजे या फ्लेक्सवाल्याला, फोन केला. तो हसला आणि त्याने तुमचं नाव घेतलं. बाईंनीच आम्हाला जग दाखवलं, म्हणाला. त्या दिवशी मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता. तुमचं नाव त्याच्या तोंडात कसं आलं हे तुम्हाला सांगण्याचा धीर मला झाला नाही, म्हणून मी सचिवांना 'अपरिहार्य कारण' कळवलं. आमच्या खात्यात एवढ्यावर पुढच्याला सगळं कळतं. तुमच्याकडे ते उद्धटपण ठरलं, आणि ते तसंच होतं. तुम्हाला मी सरळ येऊन सांगायला हवं होतं.

हात मिळवण्याचं म्हणाल, तर होय, मिळवतो. त्या शेळ्यांच्या मालकाशीही मिळवला, चांगला दोन्ही हातांनी. त्याच्या खणात आपल्या माणसाचा पासपोर्ट होता आणि तो मला हवा होता. तो घेऊनच मी बाहेर पडलो. माणूस आता गावी आहे. हात मिळवून आपण काय घेऊन निघतो ते बघायचं असतं, बाई. तुमच्याकडून हा एजंट तुमचा चेहरा घेऊन गेला. छप्पर अजून घातलेलं नाही, मी आजच शाळेत फोन करून विचारलं.

मला तुमचाही राग आला आहे. हे वाक्य लिहिताना हात अडखळला, पण खोडत नाही. आम्हाला तुम्ही एक शब्द चुकला तरी कार्ड परत लिहायला लावायचात. आणि तो शाल घेऊन आला तेव्हा तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत.

तुमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताईंचा नवरा तुमच्या फोटोवर विसंबून चालला आहे. त्याला माझ्या सांगण्याने थांबवता येणार नाही, तुमच्या सांगण्याने येईल. उद्या सकाळी दहाला मी रिक्षा घेऊन खाली उभा राहतो. ताईंना निरोप द्या, नवऱ्याला घेऊन तुमच्याकडे या म्हणून. सगळे मिळून एजंटाच्या ऑफिसात जाऊ. पासपोर्ट ताईंचा नवरा मागेल, कारण तो त्याचा आहे. तुम्हाला भांडायचं नाही. भिंतीवर तुमचा फोटो लावला आहे, त्याच्या बरोबर खाली एक खुर्ची आहे. तिच्यावर बसा आणि पासपोर्ट त्याच्या हातात पडेपर्यंत उठू नका. निघताना तो फोटोही उतरवून आणू. त्याला हार घातला आहे, बाई, मला ते बघवलं नाही.

पत्रात चुका असतील तर लाल शाई करून ठेवा, मी पुन्हा लिहीन. पण ते परवा. उद्या आधी तयार राहा.

कानाचं यंत्र घरीच ठेवलंत तरी चालेल. तो काय म्हणेल ते मी ऐकलेलं आहे.

तुमचा विद्यार्थी